आडनावाचा रकाना

‘अमूर्त’ हा आम्हा कवींचा लाडका शब्द. कविता कळली नाही की ती अमूर्त आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. हाच शब्द सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी ऐकला तेव्हा मी चमकलो. त्यांच्याकडे त्याला रोखठोक अर्थ आहे: या घडीला जे नको, ते बाजूला ठेवायचं.

मला तो कळला आईच्या पासबुकामुळे. आईचं नाव हलीमाबी. आडनाव तिनं कधी लावलंच नाही. बँकेचा कारभार संगणकावर गेला तेव्हा आडनावाचा रकाना रिकामा सोडता येईना. मग नाव ‘हलीमा’ आणि आडनाव ‘बी’ असं होऊन बसलं. माझं आडनाव मुलाणी. ती गेल्यावर वारस म्हणून अर्ज केला, तर आडनाव जुळत नाही म्हणून संगणकानं अडवला. काउंटरवरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी चार फोन करून दुरुस्ती करवून घेतली. दोन महिन्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि दुरुस्ती गायब! पुन्हा ‘बी’.

माझा भाचा पुण्यात मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तो म्हणाला, “मामू, चूक वरच्या पातळीवर आहे आणि डागडुजी खालच्या.” आणि लग्नपत्रिकेच्या पाठीमागं त्यानं मला चित्र काढून दाखवलं.

सगळ्यात वर कामाची भाषा. खातेदार, वारस, ठेव. इथं संगणकाचं नावही नाही. जुन्या खतावणीवरही हेच चालायचं. त्याखाली आराखडा: ‘व्यक्ती’ नावाची चौकट, तिच्यात नाव, आडनाव, जन्मतारीख, एका खातेदाराला किती वारस, हे दाखवणारी रेघ. पण ही माहिती कुठल्या कंपनीच्या यंत्रणेत साठवायची, ते इथं मुद्दाम ठरवायचं नाही. ते तिसऱ्या पातळीवर. तिथं जावा येते, ओरॅकलचे तक्ते येतात, आडनावाला किती अक्षरं ते येतं. आणि तळाशी प्रत्यक्ष कोड.

वरून खाली उतरण्याचं काम शक्य तेवढं यंत्रानंच करावं, हा यातला कळीचा विचार. अमेरिकेतल्या ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या संघटनेनं 2001 मध्ये तो ‘मॉडेल ड्रिव्हन आर्किटेक्चर’ या नावानं मांडला. चौकटी-रेघांची यूएमएल ही चित्रलिपी तिनं 1997 मध्येच स्वीकारली होती. तशी ही वाट जुनीच. 1957 मध्ये फोरट्रान आली, तेव्हा माणसानं सूत्रासारखं लिहावं आणि यंत्राच्या भाषेत ते यंत्रानंच उतरवावं, हे सुरू झालं होतं. आता आणखी एक पायरी वर चढायचं, इतकंच. फायदा उघड आहे. यंत्रणा बदलली तरी आराखडा टिकतो. कोड पुन्हा तयार करून घ्यायचा. सगळीकडेच काही हे रुजलं नाही. चित्रं काढून ठेवायची आणि कोड हातानंच लिहायचा, असंही पुष्कळ झालं. मोटारींच्या नियंत्रणात मात्र आराखड्यातून कोड काढण्याची पद्धत चांगली स्थिरावली आहे.

आता आईकडे येतो. बाईंच्या फोनवरून कुणीतरी तळाच्या कोडमध्ये हात घालून अट सैल केली असणार, असा भाच्याचा अंदाज. आराखड्यात मात्र ‘आडनाव आवश्यक’ तसंच राहिलं. नव्या आवृत्तीसाठी कोड पुन्हा काढला आणि ठिगळ पुसलं गेलं. यंत्रानं वरचा हुकूम पाळला, त्याला काय बोलणार?

मी विचारलं, “मग सगळ्यात वर काय लिहिलं असेल?”

“तिथं नुसतं ‘नाव’ असेल,” तो म्हणाला. “त्याचे तुकडे दुसऱ्या पातळीवर पडले. कुणीतरी स्वतःचं नाव डोळ्यांसमोर ठेवून चौकटी आखल्या असतील.”

म्हणजे बाजूला काय ठेवायचं, हे ठरवणाऱ्याला हलीमाबी माहीतच नव्हती. कविता करतानाही मी बरंच गाळतो, पण माझ्या गाळण्यानं कुणाचा अर्ज अडत नाही.

मी बँकेला दुसरा अर्ज लिहिला. यावेळी दुरुस्ती मागितली नाही. आडनावाची अट आराखड्यातून काढा, असं लिहिलं आणि भाच्यानं काढलेलं चित्र सोबत जोडलं. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “लग्न कुणाचं आहे?”