दिव्याखाली अंधार नको!

मैत्रिणींनो, दुकानात दिवा मागताना आपण काय म्हणतो? "एक साठचा द्या हो." किंवा हल्ली, "एक नऊचा एलईडी द्या." हा साठ आणि हा नऊ म्हणजे नेमके काय, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. आकडा मोठा तेवढा उजेड जास्त, असा आपला समज. पण वॅटचा आकडा उजेडाचा नव्हेच. तो आहे दिव्याच्या भुकेचा! चुलीत किती लाकडे घातली यावरून भाकऱ्या किती झाल्या हे सांगता येईल का? चूल चांगली असेल तर थोड्या लाकडांत टोपलीभर भाकरी, नाहीतर नुसता धूर. दिव्याचेही तसेच आहे. उजेडाचे माप निराळे. त्याला ल्यूमेन म्हणतात आणि ते खोक्यावर छापलेले असते.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तीही भाषा. विज्ञान हा काही माझा विषय नव्हे. पण लाईट बिलाचा हिशोब ठेवणारीला एवढे विज्ञान यायलाच हवे, असे माझे मत आहे. आणि ते कठीणही नाही.

पिवळा दिवा म्हणजे शेगडीच!

जुन्या गोळ्यात केसासारखी बारीक टंगस्टनची तार असते. तिची सुरळी, आणि त्या सुरळीचीही पुन्हा सुरळी केलेली असते. वीज वाहू लागली की ही तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापून उजळते. टंगस्टन वितळते ३४२२ अंशांवर, म्हणून ती टिकाव धरते. उघड्या हवेत ती क्षणात जळून गेली असती. म्हणूनच गोळ्यातली हवा काढून आर्गॉनसारखा वायू भरतात.

म्हणजे हा दिवा खरे तर एक छोटी शेगडीच आहे, तापता तापता थोडा उजेड देणारी. १०० पैशांची वीज घातली तर उजेड पडतो जेमतेम ५ पैशांचा. बाकी सगळी उष्णता!

तार तापते तशी झिजतेही. तिचे कण उडून काचेला आतून चिकटतात, म्हणून जुना गोळा काळवंडलेला दिसतो. मग एखाद्या ठिकाणी तार फारच बारीक होते आणि एके दिवशी बटण दाबताच दिवा उडतो. बटण दाबतानाच का बरे? गार तार विजेला फार कमी अडवते, तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नाही. त्यामुळे पहिल्या क्षणी वीज लोंढ्यासारखी आत शिरते. साधारण १००० तास हे या दिव्याचे आयुष्य. रोज ५ तास लावला तर साडेसहा महिने.

व्होल्टेज थोडे वाढले तरी हे आयुष्य झपाट्याने घटते. आणि १० टक्के कमी झाले, तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. संध्याकाळी शेजारीपाजारी सगळीकडे दिवे लागले की आपला पिवळा दिवा मलूल का होतो, हे आता कळले ना?

मग बाकीचे दिवे?

ट्यूबलाईटमध्ये तार तापवून उजेड करायचा नसतो. नळीत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज गेली की न दिसणारे किरण निघतात आणि नळीच्या आतल्या पांढऱ्या लेपावर पडून त्यांचा उजेड होतो. सीएफएल म्हणजे हीच नळी वळवून लहान केलेली. २००९ साली सरकारने बचत लॅम्प योजना काढली, तेव्हा ती अनेक घरांत आली.

एलईडीमध्ये तर नळीही नाही. आत असतो विजेने उजळणारा एक इवलासा खडा. निळ्या उजेडाचा खडा आणि त्यावर पिवळसर लेप, दोन्ही मिळून पांढरा उजेड. हा निळा खडा साधण्यातच खरी मेख होती. ते काम करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले.

चला, हिशोब मांडू

६० वॅटचा पिवळा दिवा सुमारे ७०० ल्यूमेन उजेड देतो. ९ वॅटचा चांगला एलईडी देतो ८०० ते ९००. जुनी ४० वॅटची ट्यूब साधारण २४०० ल्यूमेन देई, पण तिचा तांब्याचा चोक वर आणखी १०-१५ वॅट खाई. २० वॅटची एलईडी पट्टी २००० च्या आसपास देते.

१००० वॅटचे उपकरण तासभर चालले की मीटरवर १ युनिट पडते. साठचा दिवा रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट. नऊचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर १.३५ युनिट. वाचली साडेसात युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला ६० रुपये, तेही एकाच दिव्यामागे! एलईडीची किंमत दोन महिन्यांत वसूल. शिवाय वाचतात ती वरच्या, महागड्या टप्प्यातली युनिटे.

आणि तो बिचारा 'झिरोचा' दिवा! नावाला झिरो, पण खातो १५ वॅटच्या आसपास. रात्री ९ तास जळला तर महिन्याला ४ युनिट. त्याऐवजी अर्ध्या वॅटचा एलईडी लावा. महिन्याला पाव युनिटही लागणार नाही.

म्हणून पिवळा दिवा अगदीच टाकाऊ का? नाही हं. जिथे ऊबच हवी, तिथे तो कामाचा. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला तो वापरतात. भट्टीच्या आत एलईडी तग धरणार नाही, तिथेही तारेचाच दिवा लागतो. रंगही त्याच्या उजेडात छान खुलतात, विशेषतः तांबडे आणि केशरी.

घेताना काय पाहाल?

१. आधी ल्यूमेन, मग वॅट. एका वॅटमागे १०० च्या आसपास किंवा जास्त ल्यूमेन मिळाले तर दिवा चांगला.

२. उजेडाचा रंग. खोक्यावर २७०० केल्विन असेल तर जुन्या दिव्यासारखा पिवळसर, ६५०० असेल तर निळसर पांढरा. निजायच्या खोलीत पिवळसरच बरा. निळसर उजेडाने झोप लांबते.

३. सीआरआय हा आकडा ८० च्या वर हवा, ९० असेल तर उत्तम. तो कमी असला तर साडीला जुळणारे ब्लाऊजपीस घरी आणल्यावर भलतेच दिसते आणि भाजी ताजी की शिळी, तेही नीट कळत नाही.

४. एलईडीचा खडा खूप टिकतो, पण त्याच्या बुडातली यंत्रणा उष्णतेने आधी जाते. तो हवाबंद हंडीत बसवू नका. खोके आणि पावती जपून ठेवा, बुडाशी शाईने तारीख लिहा. वॉरंटीत गेला तर बदलून मिळतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सीएफएल किंवा ट्यूब फुटली, तर झाडू घेऊन धावू नका. त्यात पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबा. मग जाड कागदाने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने जागा पुसा आणि सारे झाकणाच्या बरणीत भरून वेगळ्या कचऱ्यात द्या. दुसरे, बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल, तर वायरमनकडून जोडणी तपासून घ्या. फेजऐवजी न्यूट्रलची तार बटणावर आणलेली असू शकते. मग बटण बंद असूनही होल्डरला हात लागला तर झटका बसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. बहुतेक घरांत सगळ्यांत चांगला दिवा बैठकीत असतो आणि स्वयंपाकघरात उरलासुरला. तोही छताच्या मधोमध, म्हणजे ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीमागे! विळी, सुरी, उकळते तेल, तांदळातले खडे, साऱ्यांवर तिचीच सावली. वयाबरोबर डोळ्यांना उजेड जास्त लागतो, तेव्हा सासूबाईंचे हाल तर विचारू नका. सगळ्यांसाठी रांधायचे आणि आपण मात्र अंधारात चाचपडायचे, हे कशासाठी? ओट्याच्या वरच्या कपाटाखाली, समोरून उजेड पडेल अशी एक छोटी एलईडी पट्टी बसवा. ५-१० वॅटचे काम. रोज ५ तास लावली तरी महिन्याला दीड युनिटाच्या आतच.

आज संध्याकाळी भाजी चिरायला घ्याल, तेव्हा आपली सावली कुठे पडते तेवढे पाहा. पोळपाटावर पडत असेल, तर या महिन्याच्या खर्चात पहिला दिवा ओट्याचा धरा. घरात कुणी "कशाला हवा?" म्हणाले, तर वरचा हिशोब खुशाल पुढे ठेवा!