डाव्या हातालाही शिकवा

आपल्या घराघरांतून आरतीला आणि भजनाला पेटी वाजते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. अशा घरातील मूल पियानोपुढे बसले म्हणजे उजवा हात सहज चालतो. डावा मात्र अडखळतो. पुष्कळ मुले याच ठिकाणी कंटाळून वाद्य सोडतात, हे पाहून आम्हांस वाईट वाटते. दोष मुलांचा नव्हे. त्यांच्या डाव्या हाताला आजवर स्वर कोणी शिकविलेच नाहीत.

भाता चालू असेतो पेटीचा स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि लगेच स्वर विरू लागतो. म्हणून डाव्या हाताला तो पुन्हापुन्हा जागवावा लागतो.

भजनासाठी पहिली पायरी तानपुऱ्याची. करंगळीने सा, तर्जनीने प, अंगठ्याने वरचा सा, असे एकामागून एक संथपणे वाजवावे. मालकंसासारख्या रागात प वर्ज्य असतो. तेथे म घ्यावा. खर्जात सा आणि ग एकदम वाजविल्यास आवाज गढूळ होतो, हे ध्यानी ठेवावे.

दुसरी पायरी सा-प-ग-प. अठराव्या शतकातील इटालियन संगीतकार डोमेनिको अल्बर्टी याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मोझार्टच्या १७८८ सालच्या सी मेजर सोनाटाची सुरुवात हिच्यावरच आहे.

तिसरी पायरी तालाची. दादऱ्यात पहिल्या मात्रेला खर्जाचा एक स्वर, पुढच्या दोन मात्रांना वरचे स्वर एकत्र. युरोपातील वॉल्ट्झची हीच चाल. चारांच्या लयीत एक-तीनला खर्ज, दोन-चारला वरचे स्वर. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील जेम्स पी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या 'कॅरोलायना शाउट'मध्ये डावा हात अशाच लांब ढांगा टाकतो. नवशिक्यांनी मात्र ढांग आखूडच ठेवावी.

पालकहो, रोज दहा मिनिटे मुलाचा डावा हात एकटाच वाजू द्या. तो वाजत असताना मुलाला भजनाचे शब्द न चुकता म्हणता आले, की मगच उजवा हात जोडा. आणि साथ हळू असू द्या. भजनात शब्द आधी ऐकू आले पाहिजेत, पियानो त्यांच्या मागून.