फुकट वाटेचे धनी

१८५४ साली हिंदुस्थानात टपालाची नवी व्यवस्था अमलात आली. त्यापूर्वी पत्र किती दूर जावयाचे आहे हे पाहून त्याचे हशील ठरत असे. नव्या कायद्याने अंतराचा हिशेब काढून टाकला व पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर सर्व देशभर लागू केला. पुण्याचे पत्र साताऱ्यास जावो की कलकत्त्यास, तिकीट तेच. पुढे वृत्तपत्रांना टपालाची विशेष सवलत मिळाली. परंतु तीही वृत्तपत्र ह्या वर्गाला होती, अमुक एका पत्राला नव्हती. ‘केसरी’ असो वा सरकारची तळी उचलणारे एखादे पत्र असो, नोंदणी झाली की दोघांस दर एकच. परक्या सरकारने पत्रे फोडून वाचली असतील, संपादकांना तुरुंगातही धाडले; पण कोणाचे पाकीट आहे हे पाहून तिकिटाची किंमत कमीजास्त करण्याची कल्पना त्यास सुचली नाही.

आज ह्या जुन्या गोष्टीची आठवण होण्याचे कारण असे की, इंटरनेटवर जे वाहते तेही पाकीटच असते. आपण मोबाइलवर एखादे वृत्त वाचू लागतो तेव्हा त्या मजकुराचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घातला जातो आणि दूरसंचार कंपनी ते तुकडे आपल्यापर्यंत आणून पोहोचविते. ह्या तुकड्यांना इंग्रजीत ‘पॅकेट’ असेच म्हणतात. कंपनीचे काम टपालवाल्याचे. फरक एवढाच की, टपाल कचेरीत प्रत्येक पाकीट निरखून त्याचा वेगळा दर लावावयाचा म्हटले तर कारकुनांची पलटण लागली असती. इथे तेच काम यंत्र निमिषार्धात करते. जे पूर्वी अव्यवहार्य म्हणून घडत नव्हते ते आता सुलभ आणि किफायतशीर झाले. म्हणूनच त्यास कायद्याची आडकाठी घालावी की नाही, हा प्रश्न उत्पन्न झाला. वाहतूकदाराने सर्व पाकिटांस एकाच न्यायाने वागवावे, ह्या तत्त्वास इंटरनेटची तटस्थता असे नाव पडले आहे.

आपल्या देशात ह्या वादास तोंड फुटले ते डिसेंबर २०१४ मध्ये. एअरटेल कंपनीने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणास वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच ते थांबविले. एप्रिल २०१५ मध्ये त्याच कंपनीने उलट्या बाजूने प्रयोग मांडला. एखाद्या व्यापाऱ्याने कंपनीला पैसे द्यावेत आणि त्याच्या दुकानापर्यंत जाण्याचा ग्राहकाचा डेटा फुकट व्हावा, अशी ‘एअरटेल झीरो’ ही योजना. वरकरणी ह्यात ग्राहकाचा लाभच दिसतो. मात्र मोठ्या दुकानाची वाट फुकट आणि धाकट्या दुकानाची वाट पैशांची झाली, म्हणजे गिऱ्हाईक कोणीकडे वळेल हे सांगावयास ज्योतिषी नको. फ्लिपकार्टने ह्या योजनेत सामील होण्याचे योजिले होते. लोकांचा रोष पाहून ती कंपनी बाहेर पडली.

ह्याच सुमारास दुसरे एक प्रकरण आकारास येत होते आणि ते अधिक गुंतागुंतीचे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने काही मोजकी संकेतस्थळे गरिबांना विनामूल्य देण्यास आरंभ केला. महाराष्ट्र हा त्यातील पहिल्या प्रांतांपैकी एक होता आणि मराठी ही त्यातील भाषांपैकी एक होती. पुढे ह्या योजनेस ‘फ्री बेसिक्स’ हे नाव मिळाले. यादीत काय असावे ह्याचे नियम फेसबुकने केलेले. चलच्चित्रे नकोत, संभाषण नको. शोध घ्यावयाचा तर मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’वर, आणि शोधाने दाखविलेली जागा यादीबाहेरची असली की पैसे मोजा. विकिपीडिया यादीत होता, फेसबुक अर्थातच होते. एनडीटीव्ही आणि क्लिअरट्रिप ह्यांनी एप्रिल २०१५ मध्ये यादीतून अंग काढून घेतले.

ह्या योजनेच्या कैवाऱ्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला थोडे मिळाले तर बिघडले कोठे? मार्क झुकरबर्ग ह्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये इथल्या एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून ग्रंथालयाचा दाखला दिला. सार्वजनिक ग्रंथालयात जगातले प्रत्येक पुस्तक नसते, तरी ते उपयोगाचे असतेच, असा त्याचा आशय. दाखला चतुर आहे. पण ग्रंथालयाची पुस्तके निवडणारा ग्रंथपाल स्वतः प्रकाशक नसतो, आणि कोणता वाचक कोणत्या कपाटापाशी किती वेळ उभा राहिला ह्याची टिपणे विकून तो आपले पोट भरीत नाही. शिवाय ग्रंथालयातून बाहेर पडल्यावर गावचा रस्ता सर्वांस मोकळाच असतो. ज्या शेतकऱ्याने इंटरनेट कधी पाहिलेच नाही, त्याला ही यादी म्हणजेच इंटरनेट असे वाटले, तर यादीबाहेर काय आहे ह्याची त्याला उणीवही भासणार नाही. मला ह्या सबंध वादातील मर्म इथे दिसते.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्यास आपण ट्राय म्हणतो, त्याने लोकांची मते मागविली. २०१५ च्या उन्हाळ्यात दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली होती. त्यांपैकी असंख्य पत्रे एकाच साच्यातील होती, हेही सांगितले पाहिजे. ती पत्रे ट्रायने पाठविणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर केली! डिसेंबरात फेसबुकने आपल्या सभासदांपुढे तयार पत्र ठेवून लाखो पाठिंबे मिळविले आणि वृत्तपत्रांची पानेच्या पाने जाहिरातींनी भरून काढली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या तयार पत्रात नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने ह्याबद्दल फेसबुकला चांगलेच खडसावले.

निर्णय ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आला. मजकूर पाहून डेटाचा वेगवेगळा दर लावण्यास मनाई झाली. उल्लंघनाबद्दल दिवसास ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठरला. आणीबाणीच्या सेवा व खाजगी बंदिस्त जाळी तेवढी वगळली गेली. काही दिवसांतच फेसबुकने भारतातील योजना गुंडाळली. कंपन्यांनी आपला पैसा ओतून उभारलेल्या जाळ्यावर त्यांना एवढेही स्वातंत्र्य नसावे काय, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालात सापडते. १९९३ च्या हीरो चषकाच्या क्रिकेट सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे ह्यावरून तंटा झाला होता. त्याचा निवाडा करताना न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले की, आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मोबाइल ज्या लहरींवर चालतो त्याही आपल्याच, मनोरे कंपनीचे.

पुढे जे घडले ते कोणी भाकीत केले नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सबंध इंटरनेटच काही महिने फुकट दिले. त्यात यादी नव्हती, म्हणून तटस्थतेचा भंगही नव्हता. डेटाचे भाव धडाधड कोसळले आणि गरिबाला थोडे तरी मिळू द्या, हा युक्तिवादच निकालात निघाला. परंतु त्या भावयुद्धात अनेक कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. ‘फ्री बेसिक्स’ची सोबतीण रिलायन्स कम्युनिकेशन्स हिनेही २०१७ अखेर आपली मोबाइल सेवा आवरती घेतली. मैदानात मोजक्या उरल्यावर जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. पाकिटांत भेदभाव करू नका, एवढेच २०१६ चा नियम सांगतो. तिकीट किती महाग असावे ह्याबद्दल तो मौन पाळतो.

वाद अजून शमलेला नाही, फक्त त्याने वेष पालटला आहे. आमच्या जाळ्यावर सर्वाधिक भार चलच्चित्रे दाखविणाऱ्या बड्या कंपन्यांचा पडतो, तेव्हा त्यांनी आम्हांस वाटा द्यावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत लावून धरली. जुलै २०२३ मध्ये ट्रायने ह्या सेवांच्या नियमनाविषयी पुन्हा चर्चापत्र काढले. वाहतुकीचा मोबदला आज आपण देतोच. पाठविणाऱ्यानेही तो द्यावा, असे ठरले तर ती रक्कम त्या कंपन्या आपल्या मासिक वर्गणीत किंवा जाहिरातींत मिळवतील, आणि ज्या धाकट्या संस्थेस ती रक्कम झेपणार नाही तिचे पाकीट मागे राहील. १८५४ साली टपालखात्याने अर्धा आणा घेतला तो एकदाच, आणि तोही एकाच टोकाला.