यादी खरंच संपली का?

क्लाउडकडून मागवलेली यादी अर्धवट आली, तर ती तसं बोलून दाखवत नाही. परवानगी नसेल तर तोंडावर नकार येतो. पॅरामीटरचं स्पेलिंग चुकलं तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. अर्धवट यादी मात्र नीटनेटक्या जेएसॉनमध्ये, २०० हा यशाचा कोड घेऊन येते आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पुण्यात बसून दूरदेशीच्या ग्राहकांची क्लाउड खाती सांभाळणाऱ्या टीम पुष्कळ आहेत. मी त्याच कामात आहे. त्यातला एक लहानसा तुकडा इथे जवळून दाखवायचा आहे: ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस बॅच या सेवेतून जॉब क्यूंची यादी कोडने पानापानाने कशी काढतात.

बॅच ही सेवा डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाली. जनुकांचं विश्लेषण, ॲनिमेशनच्या फ्रेम रेंडर करणं, बँकांच्या जोखमीची गणितं, अशी माणसाने समोर बसून राहण्याची गरज नसलेली अवजड कामं तिच्याकडे सोपवतात. काम आधी क्यूमध्ये पडतं. क्यूला जास्तीत जास्त तीन कम्प्यूट एन्व्हायर्नमेंट जोडता येतात, म्हणजे काम प्रत्यक्ष जिथे चालायचं त्या मशीनचे गट. प्रत्येक क्यूला प्रायॉरिटीचा आकडा असतो आणि मोठ्या आकड्याच्या क्यूचा नंबर आधी लागतो. यापुढचं शेड्यूलिंग इथे बाजूला ठेवतो.

कोडकडून यादी मागण्यासाठी ‘डिस्क्राइब जॉब क्यूज’ हा कॉल आहे. पायथनमध्ये बोटो३ ही लायब्ररी घेतली की तो एका ओळीत होतो. नव्याने आलेल्यांना शिकवताना मी टेस्टच्या खात्यात पाच क्यू तयार करतो आणि ‘मॅक्स रिझल्ट्स’ मुद्दाम दोनवर ठेवायला सांगतो. पहिल्या उत्तरात दोन क्यू दिसतात: नाव, एआरएन (म्हणजे क्यूची पूर्ण ओळख), स्टेट, स्टेटस, प्रायॉरिटी. त्याच उत्तरात ‘नेक्स्ट टोकन’ नावाने अक्षरांची एक लांबलचक, काहीच अर्थबोध न होणारी माळ असते. तोच कॉल ती माळ जोडून पुन्हा केला की पुढच्या दोन क्यू आणि नवं टोकन मिळतं. ते नवं टोकन दिलं की पाचवी क्यू येते, आणि या वेळी उत्तरात टोकन नसतं. यादी संपल्याचा पुरावा एवढाच: टोकन नाही.

वर्तमानपत्रात पहिल्या पानावरची बातमी मध्येच तुटते आणि खाली बारीक अक्षरात ‘पान ७ वर’ असं छापलेलं असतं. टोकनचं काम तेच. फरक असा, की पानाचा आकडा वाचून आपण थेट सातव्या पानावर जाऊ शकतो, टोकनमधून मात्र काही वाचायचं नसतं. पुढचा भाग मागण्यापलीकडे त्याचा कशासाठीही वापर करू नका, असं बॅचचं डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं. टोकन उलगडून आत काय आहे ते बघण्याचा मोह हुशार मुलांना फार होतो. तो आवरायला हवा, कारण आतली रचना उद्या बदलली तर आपण कोणाकडे दाद मागणार?

मुळात पानं कशाला? सर्व्हरने हजारो नोंदी एकाच उत्तरात द्यायच्या म्हटल्या तर मेमरी अडकते, कॉल टाइमआउट होतो आणि एका ग्राहकाच्या मोठ्या मागणीपायी बाकीचे खोळंबतात. म्हणून ‘डिस्क्राइब जॉब क्यूज’ एका उत्तरात जास्तीत जास्त १०० नोंदी देतो. आपण आकडा दिलाच नाही, तरीही मर्यादा १०० चीच.

हा शंभरचा आकडा फार शांत सापळा आहे. लहान खात्यात क्यू मोजक्याच असतात, सगळ्या एका पानात मावतात, त्यामुळे लूप न लिहिलेली स्क्रिप्टही बरोबर उत्तर देते. मग तीच सवय जॉब डेफिनिशनच्या, म्हणजे कामांच्या साच्यांच्या, यादीत जाते. तिथे प्रत्येक बदलाला नवी रिव्हिजन तयार होते आणि नोंदी भराभर वाढतात. जॉबच्या यादीत तर विचारायलाच नको. एका ॲरे जॉबमध्ये १०,००० पर्यंत पोटजॉब असू शकतात. पानाला १०० धरले तर ते सगळे बघायला १०० कॉल लागतात, आणि लूप नसेल तर हातात शंभरावा हिस्सा येतो.

‘पण कमांड लाइनवर तर पूर्ण यादी येते, सर,’ हे मी नव्या मुलांकडून हमखास ऐकतो. खरं आहे. एडब्ल्यूएसचं कमांड लाइन टूल सगळी पानं आपणहून गोळा करतं. बोटो३ चा साधा कॉल तसं करत नाही, एकच पान आणतो. त्यामुळे एकाच खात्याचे दोन आकडे दोन स्क्रीनवर दिसतात आणि माणूस गोंधळतो. कमांड लाइनलाही एक खोड आहे. आउटपुट टेक्स्टमध्ये मागितलं आणि क्वेरीत नोंदींची संख्या विचारली, तर ती क्वेरी प्रत्येक पानावर वेगळी चालते. एक बेरीज मिळण्याऐवजी पानागणिक एकेक आकडा छापला जातो. वरचा आकडा उचलून रिपोर्टात टाकला की चूक पक्की झाली.

बोटो३ मध्ये सगळी पानं गोळा करायला चांगली सोय आहे, पॅजिनेटर. ‘गेट पॅजिनेटर’ला कॉलचं नाव द्यायचं आणि फॉर लूपमध्ये एकेक पान घ्यायचं. टोकनची देवघेव तो स्वतः करतो. तेच टोकन लागोपाठ दोनदा आलं तर गोल गोल फिरत न बसता एरर देतो. हाताने लिहिलेल्या व्हाइल लूपमध्ये ही काळजी सहसा कोणी घेत नाही, म्हणून मी पॅजिनेटरचाच आग्रह धरतो. मात्र त्यात ‘पेज साइज’ आणि ‘मॅक्स आयटम्स’ ही दोन वेगळी बटणं आहेत. पहिलं पानाचा आकार ठरवतं, दुसरं एकूण किती नोंदी घ्यायच्या ते ठरवतं. पहिल्याच्या जागी दुसरं वापरलं, की आपणच आपल्या हाताने यादी छाटतो.

आणखी एक गोष्ट कोड वाचताना बघावी: लूप कशावर थांबतो? पान रिकामं आलं की थांबायचं, असं लिहिलेलं असेल तर ते बदलावं. ॲमेझॉनच्याच डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये फिल्टर लावून स्कॅन केला, तर एखादं पान पूर्ण रिकामं असूनही पुढे नोंदी शिल्लक असू शकतात. थांबायचं ते पुढची खूण नसेल तेव्हाच.

हे इतक्या पोटतिडकीने सांगण्याचं कारण यादीच्या पुढच्या पायरीत आहे. खर्च कमी करायचं ठरतं, ‘वापरात नसलेल्या क्यू काढून टाका’ असा निरोप येतो. क्यू वापरात आहे का हे बघायला स्क्रिप्ट ‘लिस्ट जॉब्स’ बोलावते. या कॉलला स्टेटस सांगितलं नाही, तर तो फक्त रनिंग जॉब देतो. आता अशी क्यू धरा, जिच्यातले जॉब रनेबल अवस्थेत ताटकळलेत, कारण त्यांना लागेल एवढी मेमरी असलेलं मशीनच जोडलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नाही. त्या क्यूची यादी रिकामी येते. एरर नाही, इशारा नाही. क्यू आधी डिसेबल करावी लागते, मगच डिलीट होते, आणि डिलीट केली की तिच्यातले सगळे जॉब संपवले जातात, सेकंदाला साधारण १६ या वेगाने. कोणाच्या तरी संशोधनाची किंवा हिशेबाची वाट बघत थांबलेली कामं त्यात जातात. म्हणून सबमिटेड, पेंडिंग, रनेबल, स्टार्टिंग आणि रनिंग या पाचही स्टेटससाठी वेगवेगळं विचारल्याशिवाय कुठल्याही क्यूला रिकामी म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. वेळ थोडा जास्त जातो. जाऊ द्यावा.

एवढं करूनही यादी एकाच रीजनची, म्हणजे क्लाउडच्या एकाच भौगोलिक विभागाची असते. मुंबईच्या रीजनला विचारलं तर हैदराबादमधली क्यू दिसणार नाही, सिंगापूरची तर नाहीच. ‘खात्यातल्या सगळ्या क्यू’ असं शीर्षक द्यायचं असेल तर रीजनचाही लूप हवा. कॉल वाढले की थ्रॉटलिंगची एरर येऊ शकते. बोटो३ काही वेळा आपणहून पुन्हा प्रयत्न करते, पण सगळे प्रयत्न फसले तर ते रीजन गुपचूप वगळून पुढे जाऊ नये. स्क्रिप्ट थांबवावी.

तुमच्या टीमच्या जुन्या स्क्रिप्ट आज उघडा आणि ‘डिस्क्राइब’ आणि ‘लिस्ट’ने सुरू होणारे सगळे कॉल शोधा. ज्याच्या आसपास ना पॅजिनेटर आहे ना टोकन, त्याच्या आकड्यावर काहीही डिलीट करू नका.