मोटारसायकलची बॅटरी रात्रींत कां उतरते?

मोटारसायकल हें वाहन आतां चैनीचें राहिलेलें नसून शेतकऱ्याच्या अवजारांपैकींच तें एक झालें आहे. पालघर जिल्ह्यांतील वसई तालुक्यापुरतें पाहिलें तरी आगाशी, बोळिंज, निर्मळ, नंदाखाल ह्या बाजूचे कित्येक बागायतदार मोगरा, चाफा व भाजीपाला पहांटे मोटारसायकलवर घालून स्टेशन गांठतात, व तेथून माल लोकलनें दादरच्या बाजारांत जातो. फुलांचा भाव घटकेघटकेस उतरतो. अशा वेळीं रात्रीं धडधाकट उभी केलेली गाडी पहांटे बटण दाबतांच नुसती टिकटिक करून स्वस्थ बसली, तर होणारें नुकसान बॅटरीच्या किंमतीपुरतेंच राहत नाहीं. त्यांतून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानकें लागू झाल्यावर निघालेल्या पुष्कळ गाड्यांस किक नसते, व इंधन पुरविणारा पंपही विजेवरच चालत असल्यामुळें बॅटरी अगदींच संपली असतां धक्का मारूनही त्या सुरू होत नाहींत.

ह्यावर बहुतेक लोक एकच उपाय करतात. तो म्हणजे नवी बॅटरी विकत घेणें. परंतु दोष बॅटरींत नसेल तर नवीही चार दिवसांत तीच वाट धरते. म्हणून पैसे खर्चण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें शोधून काढणें अगत्याचें आहे. सारी हयात महसुली दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस हा प्रश्न जमा, खर्च व शिल्लक ह्या तीन सदरांचाच दिसतो.

प्रथम हिशेब पाहूं. लहान मोटारसायकलच्या बॅटरींत सुमारें ५ अँपिअर-तास वीज मावते असें धरा. किल्ली बंद असतांही घड्याळ वगैरेंसाठीं गाडी चार-पांच मिलिअँपिअर वीज घेते. दहा तासांत हा खर्च पुंजीच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच होतो. ५० मिलिअँपिअर खाणारें एखादें जादा यंत्र बसविलें असल्यास दहा तासांत दहावा हिस्सा जाईल, तरीही निरोगी बॅटरी सकाळीं गाडी सुरू करील. उलटपक्षीं मागचा ५ वॅटचा लहान दिवा चालू राहिला, तर दर तासास सुमारें ०.४ अँपिअर-तास ह्या मानानें दहा तासांत चार अँपिअर-तासांहून अधिक वीज जाऊन बॅटरी रिकामी होते. ह्यावरून उघड होतें कीं, एका रात्रींत भरलेली बॅटरी उतरत असेल तर गळती मोठी असली पाहिजे. नाहींतर बॅटरीच्या अंगीं धारणा उरलेली नसावी, किंवा ती मुळांत भरतच नसावी.

आतां शिल्लक तपासावी. विजेच्या दुकानांत अल्प किंमतीस मिळणारा मल्टिमीटर प्रत्येक वाडींत असावा. बॅटरी बाहेरून पूर्ण भरून घ्यावी, कांहीं तास स्वस्थ ठेवावी व दाब मोजावा. तो १२.६ ते १२.८ व्होल्ट भरला पाहिजे, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी, व १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. नंतर ऋण टोकाची तार सोडून ठेवावी. तार सुटी असतांही सकाळीं दाब बराच उतरला, तर दोष बॅटरीचाच होय. दाब कायम असूनही तार जोडून बटण दाबतांच तो साडेनऊच्या खालीं कोसळत असेल, तरीही बॅटरी बाद समजावी. ह्या दोन्ही कसोट्यांस ती उतरली, तर बॅटरी निर्दोष असून चोर गाडींत आहे.

तो खर्चाच्या सदरांत सांपडतो. किल्ली बंद करून ऋण टोक व त्याची सुटी तार ह्यांच्या मध्यें मीटर अँपिअरच्या मोठ्या मापावर लावावा. तो लागलेला असतां बटण मुळींच दाबूं नये. मीटरचा फ्यूज जळेल. आंकडा चार-पांच मिलिअँपिअरच्या पुष्कळ वर असल्यास गाडीचे फ्यूज एकेक काढून पाहावे. ज्याच्या काढण्यानें आंकडा पडेल, त्याच वाटेवर गळती आहे. मागाहून बसविलेले मोबाइल चार्जर, जादा दिवे, भोंगे व चोरीसूचक यंत्रें हे पहिले संशयित समजावे. ह्यांपैकीं कशानेंही फरक न पडल्यास रेक्टिफायरचा जोड सुटा करून पाहावा. त्यांतील डायोड बिघडल्यास वीज उलट मार्गानें गळते.

शेवटीं जमा. इंजीन मध्यम गतीनें चालवून बॅटरीवरील दाब मोजावा. तो साधारणतः १३.५ ते १४.५ असावा. तेराच्या खालीं राहिल्यास भरणा होत नाहीं. पंधराच्या वर गेल्यास बॅटरी आंतून शिजते. घर ते स्टेशन इतक्याच आखूड फेऱ्यांत भरणा अल्प होतो. त्यांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर पेटलेलाच राहतो, हाही खर्च ध्यानांत घ्यावा.

आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेचा उपद्रव विशेष आहे. टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला कीं वीज धड आंत जात नाहीं व धड बाहेर येत नाहीं. जुलै २०१८ च्या पुरासारख्या प्रसंगीं पाण्यांत उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या जोडांतील गंज तर पुष्कळ दिवसांनीं आपलें काम दाखवितो. टोकें खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसून, कोरडीं करून, वर पेट्रोलियम जेली लावावी. तारा सोडतांना ऋण टोक आधीं सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. भरतेवेळीं बॅटरीजवळ विडी अगर दिवा नेऊं नये, कारण तींतून निघणारा वायु पेट घेतो.

बाद बॅटरी वाडींत फोडूं नये. तींतील शिसें व आम्ल जमिनींत व विहिरींत उतरल्यास पिकांस आणि माणसांस तें घातक होतें. सन २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां नवी घेतांना जुनी दुकानदाराकडेच सोपवावी. तिचे कांहीं पैसेही बहुधा वजा होतात.

शेतकरी बंधूंनीं बैल घेतांना दांत पाहावे, बीं घेतांना मूठभर रुजवून पाहावें, त्याप्रमाणेंच बॅटरीस दोष देण्यापूर्वीं एक रात्र तिची तार सोडून पाहावी. हा प्रयोग फुकटचा आहे, आणि त्यानें निम्मा निवाडा घरच्याघरींच होतो.