दादा कोंडके : हसू आणि संकोच

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत ‘माझा आवडता कलावंत’ या विषयावर प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावे असे ठरले. कुणी डॉ. श्रीराम लागूंचे नाव घेतले, कुणी स्मिता पाटीलचे. माझ्या मनात दादा कोंडके होते. परंतु पाळी आली तेव्हा मी ऐनवेळी डॉ. काशिनाथ घाणेकरांवर बोललो. ठाण्यात त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, तेव्हा कुणी हसणार नाही, एवढाच त्यामागचा विचार! डोंबिवलीला परतताना लोकलमध्ये मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी न केलेले भाषण आज लिहून काढीत आहे.

दादांचे मूळ नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईतल्या नायगावचा. घराणे भोरकडचे, पोटासाठी गिरणीच्या आश्रयाला आलेले. गिरणगावातल्या चाळी, गणेशोत्सवातले मेळे, बँडपथक आणि सेवादलाचे कलापथक हीच त्यांची नाट्यशाळा. अपना बाजारात नोकरी करीत करीत त्यांनी ही हौस जोपासली. पुढे वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांच्या हाती आले आणि त्यातल्या हवालदाराने महाराष्ट्राला वेड लावले.

येथे तमाशाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग असा तमाशाचा क्रम असतो. त्यात सोंगाड्याला एक मोठी मुभा असते. तो राजाची थट्टा करू शकतो, प्रेक्षकांशी थेट बोलू शकतो आणि गावातली ताजी बातमी वगात बेमालूम घुसवू शकतो. बावळट दिसायचे आणि शहाण्याचे बोलायचे, हे त्याचे शास्त्र. दादांनी हे शास्त्र प्रयोगागणिक घोटले. कोणत्या शब्दावर थांबले म्हणजे हशा येतो, हे त्यांना कॅमेऱ्यासमोर येण्याआधीच पाठ झाले होते.

भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) ते पडद्यावर आले. दोनच वर्षांनी, १९७१ साली, ते ‘सोंगाड्या’चे निर्माते झाले. लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे, संगीत राम कदमांचे. तमाशाच्या नादी लागलेला भोळा नाम्या आणि त्याची करारी आई, एवढीच गोष्ट. परंतु चित्रपट काढणे एक आणि त्याला मुंबईत थिएटर मिळणे दुसरे! दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली गेली, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले. शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. मराठी चित्रपटाला मराठी मुलखात पडद्यासाठी भांडावे लागते, हे त्या प्रसंगाने सर्वांना उघड दिसले.

त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांगच लागली. पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव. दादांच्या सलग नऊ चित्रपटांनी तो साजरा केला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हे केवळ नशिबाने झाले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निर्माता म्हणून दादांनी माणसे जपली. नायिका उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला, गाण्याला महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, असा त्यांचा संच ठरलेला. ‘पांडू हवालदार’पासून (१९७५) दिग्दर्शनही त्यांनी स्वतःकडे घेतले. त्याच चित्रपटाने अशोक सराफ घराघरांत पोहोचले आणि ‘रामलक्ष्मण’ या नावाने पुढे गाजलेल्या संगीतकारांना संधी मिळाली. ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबती नाडी हा वेषही ठरलेला. प्रेक्षकाला आपण काय पाहायला जातो आहोत हे तिकीट काढण्यापूर्वीच ठाऊक असे.

आता त्या नाजूक प्रश्नाकडे वळू. दादा म्हणजे द्व्यर्थी संवाद, हे समीकरण कुणी नाकारू शकत नाही. वर्गात आपण श्लेष अलंकार शिकतो. पंडिती काव्यात तो आला की टीप लिहितो. तोच चड्डी घालून आला की नाक मुरडतो! दादांची युक्ती साधी होती. वाक्य निरागस असे, तोंडावर भाबडा भाव असे, आणि दुसरा अर्थ प्रेक्षकाने स्वतःच्या मनात लावायचा. सेन्सॉरने आक्षेप घ्यावा तर आधी तो अर्थ आपल्याला कळला हे कबूल करावे लागे.

तथापि सर्वच गोड मानून घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आरंभीच्या चित्रपटांत विनोदाच्या मागे गोष्ट होती, आई होती, गरिबाचा स्वाभिमान होता. पुढे पुढे, विशेषतः हिंदी चित्रपटांत, नुसता दुसरा अर्थच उरला. त्यात बाईची थट्टा फार झाली. माझी आई दूरदर्शनवर दादांचा चित्रपट लागला की उठून स्वयंपाकघरात जाई. तिचा तो राग मला चुकीचा वाटत नाही.

परंतु आजोबा मात्र जागचे हलत नसत. ते लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कधी आत गेले नाहीत. आजोबाही त्यांतलेच. खोली विकून डोंबिवलीत आले, रात्रीची वॉचमनची नोकरी केली. घरात ते फार बोलत नसत. ‘सोंगाड्या’ त्यांनी कोहिनूरमध्ये पाहिला होता, रात्रपाळी संपवून, न झोपता. एकदा मी विचारले, “आजोबा, एवढं काय आहे हो त्यात?” ते म्हणाले, “अरे, आमच्यासारखा माणूस पडद्यावर यायचा तो हमाल नाहीतर गडी म्हणून. हा पहिला, ज्याच्यासाठी आम्ही तिकीट काढलं.”

१४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. आजोबाही दोन वर्षांपूर्वी गेले. कलेची अभिरुची कशी असावी यावर आमच्या मंडळात पुष्कळ चर्चा होते आणि ती व्हावीही. परंतु रात्रभर साच्यावर उभे राहिलेला माणूस झोप मोडून ज्याला पाहायला जातो, त्याचे नाव घ्यायला आपण का लाजावे? यंदाच्या बैठकीत मला पुन्हा पाच मिनिटे मिळाली, तर विषय मी बदलणार नाही.