गरोदर सुनेच्या रक्ताची चिठ्ठी

माकणीच्या विहारात बुद्धवंदना आटोपल्यावर आम्ही गरोदर भगिनींच्या तपासणीचा विषय काढला. एक वडीलधारे उपासक म्हणाले, "आपण पंचशील पाळणारी माणसं. ही गरमीची तपासणी आपल्या सुनांना कशाला?" बायकांनी माना खाली घातल्या. आम्हांलाही क्षणभर उत्तर सुचले नाही.

बाबासाहेबांचीच आठवण झाली. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे देई. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली कर्व्यांची बाजू कोर्टात बाबासाहेबांनी मांडली. मग आपण विहारात का लाजावे?

गरमी म्हणजे सिफिलीस. पहिली जखम दुखत नाही, आपोआप बरी होते. जंतू मात्र रक्तात राहतात. नवऱ्याने लग्नाआधी केव्हातरी केलेली चूक, आणि तिसरे शील तंतोतंत पाळणाऱ्या बायकोच्या पोटातल्या बाळापर्यंत तो रोग पोचतो. गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते किंवा आजार घेऊन येते. अन् गावात म्हणतात, करणी झाली, सून पांढऱ्या पायाची! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे आम्ही ऐकले आहे.

म्हणून सरकारी केंद्रात ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची, मोफत करायची असते. वागणूक बघून नव्हे. पूर्वीपासूनची व्हीडीआरएल आहेच. आता बोटाच्या थेंबावर एचआयव्ही आणि सिफिलीस दोन्ही एकदम कळतात. पहिल्या तीन महिन्यांतच जावे. चिठ्ठीत दोष निघाला तरी लगेच सुनेला बोल लावू नये. इतर कारणांनीही कधी खोटा दोष दिसतो, दुसरी तपासणी करून खात्री करतात. औषध जुनेच आणि स्वस्त, बेंझाथिन पेनिसिलीनची सुई. रोग किती जुना त्यावर एक, किंवा आठवड्याच्या अंतराने तीन. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी उपचार झाला, तर बाळ बहुधा वाचते.

अडचण नवऱ्यांची आहे. त्याने उपचार घेतला नाही तर बाईला पुन्हा लागण होते. पण नवरे केंद्राबाहेर मोटारसायकलवर बसून राहतात, आत येत नाहीत.

हे सांगून झाल्यावर उपासक बराच वेळ गप्प होते. मग हळूच विचारले, "पुरुषांची कुठं करतात?" जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असते, नाव गुप्त ठेवतात, असे आम्ही सांगितले. त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.